शेळी हयात आहे काय

बासेच्या पुढे डांबर संपतं. तिथून मोटारसायकलवर
पाठीला टॅब्लेट बांधून मी निघते.
प्रश्न एकोणतीस. लिबियातून परत आलेल्या
प्रत्येक पोराला आम्ही पाच शेळ्या दिल्या होत्या;
सहा महिने झाले, आता बघायचं
शेळ्या आहेत का, पोरं आहेत का.
फॉर्मात शेळ्यांचा प्रश्न आधी येतो.

सोमवारी केमो फाताजोच्या अंगणात पाच उभ्या.
चार पांढऱ्या, एक काळी-बांडी,
डावा कान मधोमध फाटलेला,
जणू कुणी तिकीट तपासून परत दिलंय.
मी फोटो काढला. केमोने तिच्या पाठीवर हात ठेवला
जरा अवघडून,
पाहुण्यांच्या मुलाला कुरवाळावं तसा.

बुधवारी, नदीपलीकडे, युसुफा दार्बोकडे
पाच शेळ्या. चार पांढऱ्या.
पाचवी माझ्याकडे बघत रवंथ करत राहिली.
आम्ही दोघींनी ओळख दाखवली नाही.

शुक्रवारी नमाजानंतर सांकुंगकडे पोचले तेव्हा
खूर अजून ओले होते.

सांकुंगने अतायाचा पहिला पेला दिला. कडू.
दुसऱ्यात साखर वाढते,
आणि माणसं दुसऱ्या पेल्यानंतर बोलतात,
हे प्रशिक्षणात कुणी सांगत नाही.
मी टॅब्लेट पालथा ठेवला.

"खाल्ल्या नाहीत," तो म्हणाला, "अल्लाची शपथ.
सबाच्या कोठडीतून मला सोडवायला
मामाने शेत गहाण टाकलं होतं.
शेळ्या आल्या त्याच आठवड्यात मामाही आला.
चहा घेतला नाही. नुसता मोजत बसला."
मोजणारी माणसं त्या अंगणाला नवी नव्हती.

"मग या कुणाच्या?"

त्याने आंब्याखाली, ओंडक्यावर बसलेल्या
म्हातारीकडे पाहिलं.

सिरे. माझ्या यादीत नाही.
तिचा मुलगा परत आला नाही,
आणि आमची योजना परतलेल्यांसाठी आहे.
शेळ्या तिच्या स्वतःच्या, भुईमुगाच्या पैशातून घेतलेल्या.
आमची मोटारसायकल निघाली असं कानावर आलं
की ती रातोरात कळप हाकते,
या गावी, त्या गावी, होडीवाल्याला उठवून,
म्हणजे दुसरा हप्ता सुटेल,
म्हणजे पोरं पुन्हा वाळवंटाची वाट धरणार नाहीत.
भाडं घेत नाही.
फक्त एकेकाला बाजूला घेऊन विचारते,
पोटरीवर भाजल्याची खूण असलेला
कुणी भेटला होता का तिकडे.

मी टॅब्लेट सुलटा केला.
अकरा: शेळी हयात आहे काय? हो.
बारा: लाभार्थ्याच्या ताब्यात आहे काय?
दोरी सांकुंगच्या हातात होती. घट्ट.
तेरा: समाधान, एक ते पाच.
सगळ्यात खाली 'इतर' म्हणून एक चौकट,
चाळीस अक्षरं मावतील एवढी.
तिथे मी 'सिरे' लिहिलं.
मग खोडलं. बांजुलच्या कचेरीत
कुणीतरी ती टंकनातली चूक समजेल,
किंवा समजणार नाही, आणि चौकशी लावेल.
चौकट रिकामी सोडली तर फॉर्म पुढे सरकत नाही;
मी एक टिंब दिलं.

संध्याकाळी टेकाडावर रेंज आली.
पंधरा शेळ्या हवेतून बांजुलला गेल्या,
पाच खाली चरत राहिल्या.

निघताना सिरेने मलाही विचारलं,
इतक्या याद्या वाचतेस, खूण कुठे लिहितात?
मी म्हणाले, लिहीत नाहीत.
तिने मान हलवली, रागावली नाही,
फाटक्या कानाचीच्या पोटावर माझा हात नेऊन ठेवला.
आत काहीतरी सरकलं.

"गाभण आहे. पुढच्या खेपेला सहा मोज."

"कुणाच्या नावावर?"

"तू कुणाच्या घरी येणार आहेस?"