बसलेले, एकूण

बोटात अडकवायचं एक यंत्र दिलं होतं मला,
दर माणसामागे एक कट्.
आणि एक तक्ता: चालणारे, उभे, बसलेले.
पियासाच्या चढावरचा तो तिकोनी तुकडा
मोकळा व्हायचा होता, सगळ्यांचा व्हायचा होता;
त्याआधी तिथं कोण काय करतं
हे कागदावर हवं होतं.

पहिल्याच दिवशी अडले.
येशीमेबेत उकिडवी होती, पुढ्यात कोलोची टोपली,
भाजलेलं जव, शेंगदाणे,
वर चहाचा पेला उपडा, मापाचा.
उकिडवं म्हणजे बसलेलं का?
बूड तर टेकलेलं नाही.
आणि बिझुआयेहूच्या पेटीवर एक पाय ठेवून
बूट चमकवून घेणारा कारकून?
यंत्राला अर्धं कट् येत नाही.

वेळेचीही तीच गत.
तक्ता म्हणे सात, येशीमेबेत म्हणे एक.
आमचा दिवस उजाडल्यावर सुरू होतो,
आदिसमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक;
तक्ता आणणारी कंपनी मध्यरात्रीपासून मोजते.
सहा तास मिळवत, सहा तास वजा करत
तीन दिवस उभी राहिले.
तिसऱ्या दिवशी तिनं मूठभर कोलो माझ्या ओंजळीत ओतला.
"आम्हाला मोजायचं, तेही उभ्या उभ्या? बस की."
बसले.
आणि माझं मलाच एक कट् केलं.

ऑफिसात, अतो झेलेकेंच्या पडद्यावर
चौक कधीच बांधून झाला होता:
ग्रॅनाइट, कारंजं, एका उंचीची झाडं,
आणि तयार संचातून उचललेली माणसं.
कुत्र्यासोबत धावणारी एक बाई.
एक मूल, एक लाल फुगा.
एक जोडपं, सावली द्यायची राहून गेलेलं.
रात्री मागे थांबून
मी येशीमेबेतला त्यांच्यात चिकटवलं,
टोपलीसकट, कारंज्याच्या काठाला.

सकाळी अतो झेलेके बराच वेळ बघत राहिले.
वाईट नव्हता माणूस.
"हिच्यामुळे प्रमाण बिघडतंय," म्हणाले.
कशाचं, ते मी विचारलं नाही.
त्यांनी तिला झाडामागे सरकवलं,
मग झाड थोडं दाट केलं.

जागा खाली करण्याची नोटीस मीच टंकली.
वेळ सात.
सात म्हणजे दुपारची जेवणं उरकल्यावर,
असा सरळ हिशेब करून बिझुआयेहू निवांत आला,
तोवर चहाची टपरी भुईसपाट,
टपरीत रात्री ठेवलेली त्याची पेटी, ब्रश,
काळ्या पॉलिशचे दोन नवे डबे, सगळं आत.
तेवढ्या एका ओळीत
सहा वजा करायचे राहिले होते.
त्याला अजून वाटतं, यंत्रंच लवकर आली.

खोटं कशाला बोलू, चौक देखणा झालाय.
लग्नाची वऱ्हाडं फोटो काढायला येतात,
पोरं पाण्यात पाय सोडून हटत नाहीत,
दिव्यांखाली मुली रात्री तीनपर्यंत गप्पा मारतात.
(आमच्या तीनपर्यंत.)
बाकांवर हातभर अंतरानं लोखंडी दांडे आहेत,
कुणी आडवं होऊ नये म्हणून.
बसलेले, एकूण: चारशे एकतीस.

येशीमेबेत आता चालणाऱ्यांत आहे.
थांबली की शिट्टी वाजते,
म्हणून टोपली डोक्यावर घेऊन
कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, परत कोपऱ्यापासून.
अकरा वेळा गेली माझ्यासमोरून,
तक्त्यात अकरा माणसं झाली.
वर्दळ वाढली म्हणून अतो झेलेके खूश.

बाराव्या फेरीला, पाऊल न थांबवता,
माझ्याकडे न बघता तिनं विचारलं,
"किती वाजले गं?"

मी वजा करून सांगितले.