अर्धा इंची चुका

तिसरीच्या फळ्यावर लिहिलं मी
८ + ४ = ▢ + ५
आणि अख्ख्या वर्गानं चौकटीत बारा कोंबले.
आठ नि चार बाराच की, बाई!
मग शेवटी तो पाच कशाला उभा आहे?
"त्यो असाच हाय," आदर्श म्हणाला,
"पाव्हण्यागत आलाय."

प्रज्वल सुतार तेवढा घुम्म.
"आमचं आप्पा चौकटी करत्यात, बाई, सागवानी.
रिकामीच असती ती.
कायबी कोंबल्यावर माणूस जायाचं कुठनं?"

दुसऱ्या दिवशी मौमिता मैतीनं काटा आणला.
बाप मेदिनीपूरचा, गुजरीत दागिने घडवतो;
तिची जीभ मात्र पंचगंगेच्या पाण्यावर वाढलेली.
पितळी पारडी, रेशमी दोरे,
एक तुटलेला, गाठ मारलेला.

वजनाला घेतले चिंचोके.
एक फुगीर, एक चपटा,
काटा कुणाचंच ऐकेना.
तेव्हा प्रज्वलनं खिशातली पुडी सोडली:
अर्धा इंची चुका,
मोजून चोवीस, एका घडणीच्या.
बावीस वर्षं वह्यांतल्या चुका मोजते मी,
अशा तळहातावर, लखलखीत,
पहिल्यांदाच घेतल्या.

एका पारड्यात आठ, वर चार.
दुसऱ्यात पाच, आणि एक बंद काडेपेटी,
आत किती ते मलाच ठाऊक.
काटा काडेपेटीकडं कलला.
"पेटीचं वजन कोण धरनार, बाई?"
मौमिता. दुसरं कोण असणार.
तिच्या घरी आधी डबीचं वजन वजा होतं,
मग सोनं बोलतं.
डीएडला हे कुणी सांगितलं नव्हतं.
शिपाईमामांची पेटी रिकामी करून
ठेवली बारा चुकांशेजारी.
काटा डुलला, डुलला,
उभा राहिला.

"उत्तर आलं!" आदर्श ओरडला.
"न्हाई रं," मागच्या पट्टीवरून कुणीतरी,
"दोन्हीकडं सारखं आलं."
बरोबरची खूण मी त्यांना दोन वर्षं
दारासारखी शिकवली होती.
ढकललं की आत उत्तर.

पेटी उघडायची नाही, एवढीच अट.
खिडकीखालून म्हशी गेल्या, घुंगरं वाजवत.
एक मान वळली नाही.

प्रज्वल उठला.
चिमटीनं, श्वास धरून,
इकडची एक उचलली. तिकडची एक.
काटा हलला, पुन्हा उभा.
इकडची एक. तिकडची एक.
पाचव्या खेपेला तिकडं नुसती पेटी,
इकडं रिकामी पेटी नि सात चुका.
"सात हैत आत," तो म्हणाला.
"उघडू नगा. सातच हैत."

मला सातवीला पाटगावकर सर होते.
पलीकडं नेलं की अधिकचं वजा होतं.
का होतं, विचारलं,
तर हातावर पट्टी.
पाठ केलं. पैकीच्या पैकी मिळवले.
आणि पस्तीस वर्षं समजत आले
की तो पाच खुणेवरून उडी मारतो
आणि पलीकडं जाऊन कपडे बदलतो.

तो कुठंच जात नव्हता.
दोन्ही पारड्यांतून
एकदमच उचलला जात होता,
आठ वर्षांच्या, सरस लागलेल्या बोटांनी.

घंटा झाल्यावर पेटी उघडली. वर्ग वाकला.
प्रज्वलनं बघितलंसुद्धा नाही,
तो पुडीत चुका भरत होता.
तेवीस.
आप्पा मोजून घेणार.
सतरंज्या झटकल्या, दप्तरं उलटी केली,
आदर्शनं तेवढ्यात फळ्यावर लिहून टाकलं
२३ + ▢ = २४
आणि चौकट रिकामीच ठेवली,
सापडल्याशिवाय भरायची न्हाई म्हणाला.

रात्री घरी चप्पल काढली,
तर टाचेत रुतलेली.
काढून, पुसून, पाकिटात ठेवली आहे.
फळा पुसू नका म्हणून
शिपाईमामांना फोन करायचा राहिलाय.