शेरा

अल हिद्दच्या किनाऱ्यावर समुद्र आत घेतात,
तिथल्या जाळीवर माझी पाळी. रात्री दहा ते सहा.
खारं पाणी माझ्यापाशी सुरू होतं,
गोडं होऊन कुणाच्या नळाला जातं, ठाऊक नाही.

गेल्या मार्चात झार आली, तिच्यावर निबंध छापून आला.
वेंगुर्ल्यात आम्ही झारच म्हणतो. निबंधात नाव लॅटिन आहे.
निबंध म्हणजे फक्त वरचा परिच्छेद;
खाली कुलूप.
पंधरा दिनार द्या, चोवीस तास वाचा.
पंधरा दिनारांत माझी मेस बारा दिवस चालते.

त्या परिच्छेदात एक वाक्य:
‘या किनाऱ्यावर ही जात प्रथमच आढळली.’
प्रथमच.
मी ट्रंकेतून जुन्या वह्या काढल्या.
सहा वर्षांमागे, फेब्रुवारीची एकवीस तारीख,
भरती पहाटे तीन-दहाला, पाणी एकोणीस अंश,
जांभळी किनार, खाली आठ झालरी,
जाळीवरून चौदा घमेली उपसली,
शाजीच्या मनगटावर फोड, व्हिनेगर लावलं.
चौदा घमेली म्हणजे काही प्रथमदर्शन नव्हे.

कळवावं म्हटलं. भांडायला नाही,
दाखला आहे म्हणून.
फॉर्म उघडला. नाव: आत्माराम मोंडकर. घेतलं.
संस्था: पुढं तांबडी चांदणी.
मी लिहिलं, जाळी क्रमांक दोन.
फॉर्म म्हणाला, यादीतून निवडा.
यादीत आठशे विद्यापीठं, जाळी एकही नाही.
ईमेल संस्थेचाच हवा.
आमच्या कंपनीत तो सुपरवायझरपासून वर मिळतो.

मागे एक बाई आली होती गमबूट घालून,
घमेलं मीच धरलं होतं.
शेवटी आभार असतील तुझे, शाजी म्हणतो,
ते कुलपाच्या आत असतात.
असतील.
पंधरा दिनार देऊन स्वतःचे आभार वाचावेत
इतका मी हौशी नाही.

आज पुन्हा आली. अडीचला, दिव्याखाली,
आधी एक, मग मोजता येईना.
गेट अर्धं पाडलं. घमेली सहा.
लॉगबुकात तारीख, भरती, अंश,
आणि शेऱ्याच्या रकान्यात, इंग्रजी सोडून:
‘प्रथम नव्हे. वही तिसरी पाहा.’

सहाला शाजी आला. त्याला मराठी येत नाही.
ओळीवर बोट ठेवून म्हणाला, काय?
मी सांगितलं.
तो जरा वेळ मनगटाकडे बघत राहिला,
मग ‘तपासणारा’च्या खाली सही केली.