मेंटलचा डबा

बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणावर मोर.
आत वडलांची उरलेली मेंटलं,
अठ्ठेचाळीस. दोनदा मोजली.
साखर पेठेतलं दुकान कधीच गेलं.
'यल्लप्पा चिलका, गॅसबत्त्या भाड्याने मिळतील'
ही पाटी आता मोरीच्या तोंडाशी आडवी,
पाय द्यायला.

मेंटल म्हणजे सुताची इवली पिशवी,
तान्ह्याच्या पायमोज्याएवढी.
वडील गाठ दातांनी आवळायचे,
काडी लावायचे. सूत जळून जायचं
आणि वीण तेवढी राखेत उभी राहायची.
मागवाल्यांच्या गल्लीत वाढलो मी,
पण धाग्याशिवाय तगलेलं कापड
तिथंच पाहिलं.

वरातीत आई बत्ती डोक्यावर घेऊन
अशोक चौकापर्यंत चालायची,
बँडच्या मागं, नवरदेवाच्या पुढं,
कुणाच्याच फोटोत नाही.
मेंटल फुटलं की फुंकर मारायची,
उरलेलं पदरानं पुसायची.
आम्ही पोरं ती पांढरी राख
तीन बोटांनी कपाळावर ओढायचो,
सिद्धेश्वराची विभूती म्हणून.

काल भार्गवीनं कॉलेजातून यंत्र आणलं.
चादरींच्या गठ्ठ्यावर धरलं:
टिक.
बऱ्याच वेळानं, टिक.
'एवढं सगळीकडंच असतं, पप्पा.'
मग डब्यावर धरलं, आणि
तापल्या तेलात मोहरी पडावी तसं झालं.

थोरियम, म्हणाली. धातू आहे.
लांबून फारसा काही करत नाही,
पण राख श्वासात गेली तर आत बसतो.
अर्धा व्हायला चौदाशे कोटी वर्षं.
'अर्धा?'
'हो. अर्धाच.'

सिव्हिलच्या कागदावर आईच्या खोकल्यापुढं
'मागाची धूळ' असं लिहिलेलं.
आई मागावर कधी बसलीच नव्हती.
भार्गवी म्हणते, पुरावा नाही,
रॉकेल असेल, चुलीचा धूर असेल.
बरोबर आहे तिचं. मी मान डोलावली.
रात्रभर मात्र ती फुंकर,
फुगलेले गाल, अर्धवट मिटलेले डोळे.

सकाळी घंटागाडीवाल्यानं विचारलं,
काय बे काका, ओला का सुका?
मी डबा घेऊन परत वर आलो.

माळ्यावर ठेवलाय. झाकणाला चिकटपट्टी,
त्यावर पोरीनं तीन लिपींत लिहिलंय
'उघडू नये, फुंकू नये':
मराठी, तेलुगू, कानडी.

आईला तिन्ही बोलता यायच्या.
वाचता एकही नाही.