खालची ओळ

शनिवारी साडेसहाला, कुर्ल्याच्या नेहरूनगरात,
पालिका शाळेचा पाचवी ब चा वर्ग.
बाक लहान, म्हणून आम्ही उभेच.
फळ्यावर सकाळचा लसावि तसाच,
त्याच्याखाली वाघचौरे सर खडूने लिहितात:
बायका, वरची ओळ. बायका, खालची ओळ.
पुरुष, जे आले असतील ते.

मी खालच्या ओळीत.
पहिल्या दिवशी विचारलं होतं, "किती वर जातो आवाज?"
मी गेले. परत येऊन बघितलं
तर सगळे खिडकीबाहेर बघत होते.

दोन वर्षं एकच शेरा:
"लोटलीकर, तुमचा आवाज दिसतोय."
मला वाटायचं, कौतुक आहे.

मग एकदा तालीम फोनवर घेतली
आणि घरी भेंडी चिरताना लावली.
सगळी मंडळी एकीकडे, मी एकीकडे,
पंगत बसायच्या आधीच
जेवायला बसलेल्या बाईसारखी.
आणि पंचमाला जरा खाली. केसभरच.
पण घासात आलेला केस.
सुरी ठेवली. परत ऐकलं.
त्या रात्री भेंडी कुणी दुसऱ्यांदा मागितली नाही.

माझ्या डाव्या हाताला कुमुद खानविलकर.
वय एकाहत्तर. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या,
जन्मभर कानात दुसऱ्यांचे आवाज.
शिकवलं असं काहीच नाही त्यांनी.
फक्त मी चढले की त्यांचं कोपर
माझ्या कोपराला लागायचं.
एकदाच म्हणाल्या, बाटलीचं झाकण लावता लावता:
"तुमचं तुम्हाला ऐकू येतंय ना,
तेवढं कमी करा."

मग श्वास.
लांब सा धरायचा तेव्हा
सगळ्यांनी एकदम दम घ्यायचा नाही.
शब्दाच्या पोटातच, कुणाला न कळता,
शेजारीण गातेय तोवर जाऊन यायचं,
नळाला पाणी आलेलं असताना
"जरा माझी बादली बघा" सांगून जातो तसं.
सोपं आहे म्हणे.
मला आठ महिने लागले.
आयुष्यात कधी कुणावर
बादली सोडून गेलेच नव्हते मी.

आणि विमानं.
दर तीन मिनिटांनी एक, चाकं काढून,
शाळेच्या पत्र्यावरून उतरत जातं.
सर हात थांबवत नाहीत.
तोंडं उघडी, गळ्यात थरथर,
ऐकू काही येत नाही, स्वतःचंही नाही.
आवाज सांताक्रूझकडे सरकला की कळतं
कोण कुठे पोचलंय.
पहिल्या वर्षी आम्ही चार गावांना सापडायचो.
परवा विमान गेलं
आणि सूर होता तिथेच होता,
जिथे ठेवला होता.
सर बोलले नाहीत काही.
खडूचा हात पँटला पुसला.
"पुढे," म्हणाले.

कार्यक्रमाला मुलगा आला होता, तिसऱ्या रांगेत.
"आई, तू ऐकूच आली नाहीस."
मी पेढा पुढे केला.
रिक्षात मात्र थोडा वेळ
दोघंही मीटरकडे बघत होतो.

आता पोळ्या लाटताना गुणगुणते.
खालची ओळ एकटी म्हटली तर काहीच नसतं:
तोच सूर पाचदा, मग एक पायरी खाली,
मग नुसतं थांबणं, वरच्यांचं होईपर्यंत.
समोरच्या फाटकवहिनी, दार उघडं बघून,
"कुठलं हो गाणं हे?"
आता काय सांगायचं?
"अजून लोक यायचेत," म्हटलं,
आणि पोळी उलटली.