वर गवत

या घराला चाकं नव्हती, तरी ते पासष्ट वर्षं चालत होतं.
उन्हाळ्यात वर कुरणात, थंडी पडली की खाली नदीकाठी.
विंचवाचं बिऱ्हाड, पण उंटाच्या पाठीवर;
नंतर नंतर एका निळ्या ट्रकवर.

यंदा आनारकानच्या बापाचे गुडघे म्हणाले, नाही.

किरगिझ लोक बापाला ‘आता’ म्हणतात.
मला सारखं वाटायचं, ही घाई करतेय :
आता, चहा घ्या. आता, बूट काढा.

तो वर जाणार नाही,
तर वरचं गवत खाली आणायचं
आणि यर्टच्या छतावर लावायचं, असं तिने ठरवलं.
हिशेब पिठाच्या रिकाम्या पोत्यावर मांडला :
ओल्या मातीचं वजन, त्यावर बर्फाचं.
छताला वाळुंजाच्या बासष्ट काठ्या होत्या,
मध्ये मध्ये आणखी बासष्ट घातल्या.
माथ्यावरच्या लाकडी कड्याला, तुंडुकला,
खालून चार खांबांचा टेकू.
मग नमदा, नमद्यावर तळ्यात अंथरतात ते काळं रबर,
रबरावर न विकली गेलेली लोकर, पाणी धरून ठेवायला,
वर घोड्याच्या केसांच्या दोरांची जाळी,
कारण उतारावर माती घसरते.
मातीला काय, खालीच जायचं असतं.

मी शिडी धरली. बादल्या मोजल्या.
एकशे चाळीसनंतर सोडून दिलं.

म्हातारा आमच्याकडे पाठ करून
जमिनीवर टाकलेल्या खोगिरावर बसलेला.
तिसऱ्या दिवशी बोलला :
“अंगावर माती एकदाच घ्यायची असते.
मी अजून चहा पितोय.”

आनारकानने पुढची बादली वर दिली.

रात्री पाऊस आला, जुलैतला, बर्फाच्या काठावरचा.
एके ठिकाणी गळलंही, नेमकं माझ्या पांघरुणावर.
अंधारात कोणीतरी लांब श्वास घेत होतं,
पुन्हा पुन्हा, हुंगल्यासारखा :
भिजलेला नागदवणा, मेंढीची लोकर,
आणि आणखी काहीतरी, ज्याचं नाव मला माहीत नव्हतं
आणि त्याला होतं.

सकाळी छतावर बकरी.
कुत्रा ओरडला, नातू ओरडला,
सगळ्यांत मोठ्याने म्हातारा ओरडला.
शिव्या जुन्या होत्या, कळपाच्या,
दरीपलीकडे पोचतील अशा मापाच्या.
आनारकान हातातलं दूध तसंच धरून ऐकत राहिली.

मग तो काठी टेकत आला.
यर्टची वळचण त्याच्या खांद्याएवढीच,
शिडी लागली नाही.
बकरीने उकरलेल्या खळग्यात
त्याने मूठभर माती दाबली, अंगठ्याने, सावकाश.
माझ्या भाषेत यासाठी एक शब्द आहे,
मी तो तोंडातच ठेवला.

“दक्षिणेची बाजू उन्हाने करपेल,” तो म्हणाला,
“तिथे रोज संध्याकाळी पाणी.”

“आता,” ती म्हणाली.
हाक होती की वेळ, मला कळलं नाही.

बकरी अजून वरच होती.