अठ्ठेचाळीस नंबर

शारजातल्या हॉटेलात, सातव्या मजल्यावर,
आमच्या ट्रेनिंगच्या जहाजावरल्या पोरांचं स्नेहभोजन.
पोरं म्हणजे सगळी साठीपलीकडची.
जहाज नाही. ते दारूखान्यात
किलोच्या भावानं गेलं, त्यालाही सत्तावीस वर्षं झाली.
घंटा तेवढी दस्तूरनं सोडवून आणली होती.
आज ती बुफेशेजारी, काकडीच्या कापांच्या बाजूला.

प्रत्येक ताटाखाली छापील कागद: ‘आपले मानकरी’.
दोन ॲडमिरल. एक बंदराचा संचालक.
एकाच्या मालकीचे अकरा टँकर
(तीन खिडकीतून दिसतात, आखातात नांगर टाकून, दिवे लावून).
एक चित्रकार झाला. त्याचं नाव सर्वांत खाली.

कागद मी दोनदा वाचला.
इब्राहिम परकार, नंबर अठ्ठेचाळीस, मुक्काम दाभोळ:
नाही.

परकार, जो डोळे बांधून गाठ मारायचा
आणि ती सोडवायला आम्ही तिघं लागायचो.
पहाटे नारळाच्या सोडणांनी डेक घासताना
माझ्याही वाटणीच्या चार फळ्या घासून टाकायचा.
कॅप्टन झाला तो, एकावन्नाव्या वर्षी,
गंजक्या एका मालवाहूवर,
जिच्या मालकानं एका गुरुवारी फोन उचलणं बंद केलं.

एकोणीस महिने. इथंच, या खिडकीसमोर.
खलाशी एकेक करून घरी धाडले.
‘जहाजावर माणूस लागतो, कायदा आहे,’ म्हणाला,
‘आणि माणूस म्हणजे आता मीच.’
मी तेव्हा बंदरात पायलट. येता-जाता लाँच थांबवायचो.
कांदे, पाण्याचे कॅन, एकदा सुके बोंबील.
बोंबलांवर तो फार वेळ काही बोलला नाही.

धाकटीचा निकाह त्यानं फोनवर ऐकला,
ब्रिजच्या डाव्या टोकाला, रेंज तिथंच.
दोनदा ‘कबूल’ ऐकू आलं.
मग ओहोटी लागली, जहाज नांगराभोवती वळलं,
तिसरं समुद्रात गेलं.

लॉगबुक मात्र रोज, त्याच वळणदार अक्षरात:
वारा वायव्य. धूळ. नांगर धरून आहे.
मालकाकडून काही नाही.

लिलाव झाला तेव्हा धक्क्यावर मी एकटा.
‘जमीन हलतेय रे,’ म्हणाला,
आणि आधी चपला मागितल्या.

दस्तूर घंटा वाजवतो. सगळे पेले उचलतात.
मी पेन शोधतो. कुणाकडेच नाही.
नेपाळी वेटर कानामागचं काढून देतो.
चित्रकाराच्या खाली चिमूटभर जागा आहे.
मी लिहितो: नांगर धरून आहे.

शाई वाळायच्या आत तो ताट उचलतो,
कागदासकट.